गॅस संपतो की गळतो?

उन्हाळा तोंडावर आला, की घरोघरी एक वाक्य ऐकू येऊ लागते : ‘एसीतला गॅस संपला.’ हे वाक्य इतके ओळखीचे झाले आहे, की ते खरे नाही याचे कोणाला भानही राहत नाही. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा गॅस संपतो, कारण तो जळतो. मोटारीतले पेट्रोल संपते, दिव्यातले तेल संपते. वातानुकूलन यंत्रातला वायू मात्र जळत नाही, झिजत नाही, खर्ची पडत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तो केवळ फिरत राहतो. खोलीत द्रवाची वाफ होताना तो उष्णता शोषून घेतो आणि बाहेर वाफेचा पुन्हा द्रव होताना ती सोडून देतो. हे चक्र दहा वर्षे चालले, तरी पहिल्या दिवशी भरलेला वायू शेवटच्या दिवशी तितकाच असायला हवा. तो कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच : तो कुठून तरी निसटला आहे.

म्हणून ‘संपला’ आणि ‘गळला’ हा केवळ शब्दांचा भेद नाही. संपलेली वस्तू पुन्हा आणावी लागते आणि त्यात कोणाचा दोष नसतो. गळती मात्र शोधावी लागते. आणि ती सापडली, की ती बंद करणे हे कोणाचे कर्तव्य, हा प्रश्न उभा राहतो. ‘गॅस संपला’ असे म्हणताच त्या प्रश्नापासून आपली सुटका होते. भाषेने दिलेली ही सोयीची सुटका आपण स्वीकारावी काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम ती गळती कुठे असते ते पाहू. घराबाहेर बसविलेल्या युनिटच्या कडेला, जिथे तांब्याच्या दोन नळ्या येऊन मिळतात, तिथे पितळेचे दोन छोटे व्हॉल्व्ह असतात. त्यांना सर्व्हिस व्हॉल्व्ह म्हणतात. एक बारीक नळीचा, द्रवासाठी. दुसरा जाड नळीचा, वाफेसाठी. दुसऱ्या व्हॉल्व्हला एक आखूड तोंड असते. दाब मोजणे, वायू भरणे ही कामे त्या तोंडातून होतात. त्याच्या आत मोटारीच्या ट्यूबमध्ये असते तशीच एक बारीक पिन असते. गळतीच्या नेहमीच्या जागा तीन : ही पिन, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या दांड्याभोवतीची रबरी कडी, आणि नळीचे तोंड कर्ण्यासारखे पसरवून जिथे नट आवळलेला असतो तो सांधा. या साऱ्यांवर पितळी टोपणे असतात. ती केवळ धूळ अडविण्यासाठी नसून वायू रोखण्याचेही काम करतात. घाईत कुणी टोपण लावायला विसरतो, कुणी ते हातानेच सैल फिरवून ठेवतो. समुद्राकाठच्या गावांत खारी हवा उरलेले काम करते. कालांतराने त्या जागी तेलाचा ओशट डाग दिसू लागतो, कारण निसटणारा वायू कॉम्प्रेसरमधले थोडे तेल आपल्यासोबत बाहेर आणतो. तिथे साबणाचा फेस लावला, की बुडबुडे येतात.

दुरुस्ती अवघड नसली तरी वेळखाऊ आहे. नट सैल असेल तर तो योग्य जोराने आवळावा लागतो. पिन बिघडली असेल, तर वायू बाहेर न सोडता ती बदलण्याचे खास हत्यार मिळते. अन्यथा यंत्र थंडाव्यावर चालू ठेवून प्रथम द्रवाचा व्हॉल्व्ह मिटतात, कॉम्प्रेसरला सारा वायू बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊ देतात, आणि दाबमापकाचा काटा शून्याजवळ येताच दुसरा व्हॉल्व्ह मिटून यंत्र तत्क्षणी थांबवतात. काटा शून्याखाली गेला तर गळतीतून हवा आत शिरते, आणि हवा व तेल यांच्या मिश्रणाने कॉम्प्रेसर फुटू शकतो. म्हणून हे काम शिकलेल्या माणसाचेच. व्हॉल्व्हच निकामी झाला असेल, तर सगळा वायू यंत्राने निराळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो, नवा व्हॉल्व्ह ब्रेझिंग करून जोडावा लागतो, नायट्रोजनच्या दाबाखाली सांधे तपासावे लागतात. पुढे पंपाने आतली हवा व ओल काढून, पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका वायू काट्यावर तोलून भरायचा. यात अर्धा दिवस सहज जातो. याउलट, सिलिंडर जोडून कमी झालेला वायू वरून भरून देणे हे अर्ध्या तासाचे काम. पुढल्या उन्हाळ्यात मेकॅनिकला पुन्हा बोलावले, की पुन्हा तेच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. गळके यंत्र वीज अधिक खाते हे खरे. तरीही गळती बारीक असेल, तर दरवर्षी वायू भरून घेणे हेच घरमालकाला कधी कधी स्वस्त पडते. दुरुस्तीत नेहमीच आपला फायदा असता, तर नीतीचा प्रश्नच उद्भवला नसता. नुसता हिशेब पुरला असता. खरा प्रश्न सुरू होतो तो हिशेब संपतो तिथे.

कारण तो निसटलेला वायू नाहीसा होत नाही. प्रारंभीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू वापरीत. ते धोक्याचे होते, पण त्यांचा एक गुण होता : ते गळले की नाक लगेच सांगत असे. डोळ्यांना पाणी येई, माणसे खोलीबाहेर धावत, आणि दुरुस्ती झाल्यावाचून कोणी आत जात नसे. १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन आणि फ्लोरीन असलेला एक नवा वायू या कामासाठी शोधला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो स्वतः छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखविली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. ते सारे सद्‌हेतूनेच झाले होते. परंतु १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले, की हेच निरुपद्रवी वायू आकाशात उंच गेल्यावर ओझोनचा थर नष्ट करतात. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र जगापुढे आले. १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. त्यानंतर आलेल्या आर-४१०ए आणि आर-३२ या वायूंनी ओझोनला धोका नाही, पण पृथ्वी तापविण्याची त्यांची शक्ती मोठी आहे. म्हणून २०१६ साली किगाली येथे त्यांचाही वापर उतरता ठेवण्याचे ठरले. एक किलो आर-४१०ए हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा परिणाम सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळल्याने तेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो. आणि घरगुती यंत्रात वायू साधारणतः किलोच्या आसपासच असतो.

या नव्या वायूंना वास नाही, रंग नाही. ते गळल्याने खोलीत कोणी खोकत नाही. आपल्या घरापुरते ते निर्धोक वाटतात, म्हणून त्यांनी दूरवर केलेली हानी आपल्याला जाणवत नाही. पूर्वी जे काम नाक करीत असे, ते आता सदसद्विवेकबुद्धीला करावे लागणार आहे. मानवी इतिहासात ही परिस्थिती नवी आहे. शेजाऱ्याच्या शेतात गुरे सोडू नयेत, हे समजण्यासाठी शेजाऱ्याचा चेहरा पुरेसा होता. येथे नुकसान सोसणारा चेहरा आपल्याला कधीच दिसणार नाही. तो कदाचित पत्र्याखाली राहणारा, भर उन्हात शेतात राबणारा, एसी कधीही न घेऊ शकणारा माणूस असेल. थंडावा माझा आणि उष्मा त्याचा, अशी ही वाटणी आहे. ती न्याय्य आहे असे कोण म्हणेल?

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते : ‘माझ्या एकट्याच्या अर्ध्या किलोने जगाचे काय बिघडणार?’ इंग्रज तत्त्वचिंतक डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली याच युक्तिवादाची चिकित्सा केली. त्यांनी असे कल्पिले, की हजार माणसे आहेत आणि हजार बळी. प्रत्येक जण एक कळ दाबतो. त्या एका कळीने कोणत्याच बळीला जाणवण्याइतकी वेदना वाढत नाही. पण हजार कळा दाबून होतात, तेव्हा प्रत्येक बळी असह्य यातना भोगत असतो. मग यांतला कोणीही दोषी नाही काय? पार्फिट यांचा निष्कर्ष असा, की जे जाणवत नाही ते घडलेच नाही असे मानणे, ही नीतीच्या गणितातली चूक आहे. वसईकरांना हे समजण्यासाठी तत्त्वज्ञाकडे जाण्याचीही गरज नाही. बावखलात एक टोपली कचरा पडला तर पाणी अडत नाही. तरीही बावखले बुजली, आणि ती कोणा एकाच्या टोपलीने बुजली नाहीत.

मग दोष कोणाचा? मेकॅनिक म्हणतो, गिऱ्हाईक दुरुस्तीचे पैसे देत नाही. गिऱ्हाईक म्हणतो, आम्हाला त्यातले काय कळते? कंपनी म्हणते, वॉरंटी संपली. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे सत्य आहे. विशेषतः मेकॅनिककडे पाहताना आपण उदार असले पाहिजे. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर, पुष्कळदा कमरेला पट्टाही न बांधता, तो आपल्यासाठी लोंबकळत असतो. त्याची कमाई दिवसभरात किती घरे झाली यावर ठरते. वायू काढून घेण्याचे यंत्र विकत घेणे त्याला परवडत नाही. आणि आपण खिडकीतून विचारतो ते एकच : ‘किती घेणार?’ ‘कुठून गळते?’ असे आपण विचारीत नाही. जो प्रश्न आपण विचारला नाही, त्याचे उत्तर त्याने दिले नाही, म्हणून त्याला अप्रामाणिक कसे ठरवावे?

जबाबदारी अनेकांत विभागली, म्हणजे ती विरून जाते असे आपण समजतो. घरात चार भाऊ असले, म्हणून म्हाताऱ्या आईचे करणे चौघांपैकी कोणाच्याच वाट्याचे नाही, असे होत नाही. प्रत्येकाने आपल्या शक्तीप्रमाणे करायचे असते. ज्याला ज्ञान आहे त्याने खरे सांगावे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने खऱ्या कामाचा खरा मोबदला द्यावा. जी कंपनी यंत्र विकून नफा मिळविते, तिने माणसे शिकवावीत आणि साधने पुरवावीत. दुसऱ्याने आपले केले नाही, ही आपले न करण्याची सबब होऊ शकत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात उपभोगाच्या घातक सवयींविषयी लिहिताना वातानुकूलनाच्या वाढत्या वापराचेच उदाहरण दिले होते. त्याचा अर्थ एसी बाळगणे हेच पाप, असा घेण्याचे कारण नाही. आजारी माणसाला, वृद्धांना, तान्ह्या बाळाला वाढत्या उष्म्यात थंडावा ही गरज झाली आहे. पण गरजेपोटी घेतलेल्या वस्तूचीही निगा राखावी लागते. वस्तू आपली झाली, की तिच्यातून जे बाहेर पडते तेही आपलेच होते.

या विषयात निराश होण्याचे मात्र कारण नाही. माँट्रियलचा करार पाळला गेला, म्हणून ओझोनचा थर सावरू लागला आहे. सध्याची धोरणे टिकली, तर अंटार्क्टिकावरील थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२२ च्या अहवालात नोंदविला. आकाशाला पडलेले भोक बुजू शकते, तर पितळेचा एक सांधा बुजणार नाही असे थोडेच आहे? करारावर सही करणारे मंत्री वेगळे असतात. तो पाळला जातो तो कठड्यावर बसलेल्या माणसाच्या हातात आणि खिडकीत उभ्या असलेल्या घरमालकाच्या शब्दांत.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात मेकॅनिक घरी आला आणि म्हणाला, ‘काका, गॅस संपलाय’, तर त्याला आधी पाणी द्यावे आणि शांतपणे विचारावे, ‘भाऊ, कुठून गळतोय ते पाहू या का?’ साबणाचा फेस लावायला सांगावे. पिन बदलायची असेल तर बदलू द्यावी, वेळ लागला तर लागू द्यावा, आणि त्या वेळेचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. जाण्यापूर्वी टोपणे नीट आवळली आहेत ना, एवढे मात्र आवर्जून पाहावे.