मावळातल्या मुलांना लिहायला काय द्यावे

पहिली ते चौथीच्या मुलांना लिहायला दिले जाणारे विषय दोन तऱ्हांचे असतात. एका तऱ्हेत वहीत काय वाचायला मिळणार हे शिक्षकाला आधीच ठाऊक असते: ‘माझी आई’, ‘पावसाळा’, ‘माझा आवडता प्राणी’, ‘झाडे नसती तर’. यांची उत्तरे निबंधांच्या पुस्तकांत छापलेली असतात आणि थोड्याफार फरकाने वर्गातल्या सगळ्या वह्यांत उतरतात. दुसऱ्या तऱ्हेच्या विषयावर मूल काय लिहील, हे त्याने लिहीपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. सर्जनशील लेखन घडते ते या दुसऱ्या तऱ्हेत. पहिल्या तऱ्हेतून अक्षर वळणदार होते, वाक्ये जुळवण्याचा सराव होतो. लिहिण्याचे कारण मात्र मिळत नाही.

मावळात हा फरक फार ठळकपणे दिसतो. लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस शालेय निबंधांत येतो तो पाहुण्याच्या डोळ्यांनी: धुके, धबधबे, हिरवा शालू नेसलेली धरती, गरम भजी. आंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळातल्या एखाद्या वाडीतल्या तिसरीच्या मुलीचा पाऊस वेगळा आहे. उन्हाळ्यात राब भाजून ठेवलेल्या जागेत भाताची पेरणी होते, रोपे वर येतात, मग चिखलणी आणि लावणी. मोठी माणसे दिवसभर शेतात वाकलेली असतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायचे काम तिच्यावर येते. खेकडे कोणत्या दगडांखाली सापडतात, ओढा कधी ओलांडायचा नाही, गळक्या छपराखाली पातेले कुठे ठेवायचे, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला की एसटीची किती वाट पाहावी लागते, हे तिला नेमके माहीत असते. परीक्षेत ‘पावसाळा’ आला की ती यातले काहीच लिहीत नाही, शालू नेसलेली धरती लिहिते. आपले रोजचे जगणे निबंधात चालते, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. सातव्या-आठव्या वर्षी झालेला हा समज पुढे सहजासहजी जात नाही, म्हणून विषयांची निवड ही किरकोळ बाब मानता येत नाही.

पहिला उपाय साधा आहे: विषय अरुंद करणे. ‘पावसाळा’ याऐवजी ‘पावसात आपल्या घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती, आणि तिथे कोण कोण बसते?’ असे विचारले, तर दुसरीतले मूलही चार वाक्ये सांगते आणि त्यातले एकही वाक्य शेजारच्या मुलाच्या वाक्यासारखे नसते. ‘माझे गाव’ याऐवजी ‘शाळेत येताना कुठे पळावे लागते?’ असा प्रश्न द्यावा. कुणी कुत्र्यामुळे पळते, कुणी रेल्वेचे फाटक बंद होण्याआधी पळते. मोठा विषय दिसला की मूल पाठ केलेल्या वाक्यांकडे धावते. लहान विषयासाठी अशी वाक्ये कुठे तयारच नसतात, म्हणून त्याला आठवावे लागते.

प्रश्न शिक्षकासाठीही खरा असला, तर काय होते याची नोंद टॉल्स्टॉयने १८६२ मध्ये करून ठेवली आहे. यास्नाया पोल्याना येथील आपल्या शाळेत त्याने शेतकऱ्यांच्या मुलांना एका म्हणीवरून गोष्ट लिहायला सांगितली. मुलांना ते अवघड वाटले. तेव्हा तो स्वतःच लिहायला बसला. मुले भोवती जमली, त्याच्या खांद्यावरून वाचू लागली, ‘असे नव्हे, तसे’ म्हणू लागली, आणि पाहता पाहता गोष्ट त्यांच्या ताब्यात गेली. लेखन कुणी कुणाकडून शिकावे, असा प्रश्न त्याने या अनुभवावरच्या लेखाच्या शीर्षकातच विचारला. आपल्याकडे शिक्षक मुलांसमोर, मुलांना दिलेल्याच विषयावर लिहितात, असे क्वचितच घडते. एखाद्या तासात शिक्षकाने फळ्यावर आपली चार वाक्ये लिहिली, त्यातले एक सर्वांदेखत खोडले आणि दुसरे लिहिले, तर लेखन कसे होते हे मुलांना प्रत्यक्ष दिसते.

याचा अर्थ मुलांना फक्त डोळ्यांसमोरचे वास्तव द्यावे, असा नाही. या वयात कल्पनेला भूक असते. ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा विषय फसतो, कारण पंतप्रधान दिवसभर काय करतात हे आठ वर्षांच्या मुलाला माहीत नसते. मग उपदेशाची वाक्ये तेवढी उरतात. कल्पना लढवायला आधी हाताशी ओळखीची वस्तू लागते. इटालियन लेखक जान्नी रोदारी यांनी १९७३ च्या ‘कल्पनेचे व्याकरण’ या पुस्तकात एक युक्ती सांगितली आहे. एकमेकांपासून लांबचे दोन शब्द घ्यायचे (त्यांचे उदाहरण कुत्रा आणि कपाट) आणि त्यांच्यात निरनिराळी नाती जोडून पाहायची. मराठीत हे काम विभक्तीचे प्रत्यय करतात. मावळातल्या वर्गाने चिठ्ठ्या काढल्या आणि ‘खेकडा’ व ‘इंजिन’ निघाले, तर इंजिनातला खेकडा, खेकड्याचे इंजिन, इंजिनाशी भांडलेला खेकडा अशा तीन वेगळ्या गोष्टींची दारे उघडतात. चौथीत रुक्ष वाटणारे प्रत्यय इथे गोष्ट जन्माला घालतात, ही या युक्तीची मराठीपुरती खास कमाई आहे.

इंजिनाचे उदाहरण उगाच घेतलेले नाही. बोरघाट चढण्यासाठी कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात आणि लोणावळ्याला ती सोडतात. लोहमार्गाजवळच्या वस्त्यांमधली मुले ती रोज पाहतात. ‘मागून ढकलणारे इंजिन पुढच्या इंजिनाला कधीच भेटत नाही. त्याने चिठ्ठी पाठवली तर काय लिहील?’ हा विषय मावळाबाहेरच्या मुलाला आधी समजावून सांगावा लागेल. इथल्या मुलाला तो लगेच आपला वाटेल.

पाण्याचा विषय याहून श्रीमंत आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते आणि देहू-आळंदीकडे जाते. त्याच परिसरातल्या लोणावळा, वळवण आणि शिरवटा तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांच्या प्रकल्पात वीज तयार होते. १९१५ पासून ही वीज मुंबईला जाते. एकाच डोंगरावर शेजारी-शेजारी पडलेले दोन थेंब, एक पूर्वेला आळंदीच्या घाटावर, दुसरा पश्चिमेला विजेच्या यंत्रावर. चौथीच्या मुलांना हे सांगून विचारावे: ‘थेंबाला निवडता आले, तर तो कोणत्या बाजूला जाईल? वाटेत त्याला कोण थांबवेल?’ ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ या जुन्या धाटणीपेक्षा हे वेगळे आहे. मनोगतात वस्तू आपली कहाणी सांगते आणि शेवटी उपदेश करते. इथे थेंबाला निवड करायची आहे, आणि निवड आली की पात्र, अडचण आणि गोष्ट आपोआप येते. भूगोलही जाता जाता पक्का होतो.

पहिलीच्या वर्गात लेखन बोलण्यापासून आणि चित्रापासून सुरू होते. मुलाने चित्र काढावे, त्याबद्दल सांगावे, आणि शिक्षकाने ते शब्द जसेच्या तसे चित्राखाली लिहावेत. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर प्रत्येक मुलाला ‘आज तुला कोणता शब्द हवा?’ असे विचारून तो कार्डावर लिहून देत. भीतीचे आणि मायेचे शब्द मुले लगेच ओळखत. जे शब्द लक्षात राहत नसत, ती कार्डे बाद होत. त्यांचे ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ चे आहे, पण एक-दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालणाऱ्या वाडीवरच्या शाळांना ही रीत आजही सोयीची आहे: एकच प्रश्न सर्वांना, पहिलीचे चित्र, दुसरीचे वाक्य, चौथीची गोष्ट.

काही विषय मुलाला दुखावतात, याचे भान विषय देणाऱ्याने ठेवले पाहिजे. ‘सुट्टीत आम्ही कुठे गेलो’ हा प्रश्न वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबातल्या मुलाला काय लिहायला लावतो? लोणावळ्यात सुट्टी म्हणजे धंद्याचा दिवस. ज्यांचे आईवडील चिक्कीच्या दुकानात, हॉटेलात किंवा कणसांच्या गाडीवर उभे असतात, त्यांची सहल निघतच नाही. ‘सुट्टीच्या दिवशी आपल्या गावात काय बदलते?’ असे विचारले तर फिरून आलेले मूल आणि गाडीवर बसलेले मूल, दोघांनाही सांगण्यासारखे असते. किंबहुना दुसऱ्याला जास्त. ‘माझे बाबा’ याऐवजी ‘मला ज्याचा हात धरून चालायला आवडते ते माणूस’ म्हटले, की वडील नसलेल्या मुलावर खोटे लिहिण्याची वेळ येत नाही.

विषय चांगला असूनही लेखन अडते ते पहिल्याच ओळीवरच्या लाल रेघेपाशी. मुलाने ‘पानी लई व्हतं’ लिहिले आणि त्यातल्या तिन्ही शब्दांवर रेघ आली, की पुढच्या वेळी ते मूल ‘पाणी खूप होते’ एवढेच लिहून थांबते. फलटणच्या बोलींचा भाषाशास्त्रीय अभ्यास करून तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभारणाऱ्या मॅक्सीन बर्नसन, किंवा १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील, यांच्या कामामुळे मुलाची भाषा आणि अनुभव शाळेत आणण्याचा विचार महाराष्ट्राला नवा राहिलेला नाही. प्रमाण भाषा शिकवायचीच आहे. तिच्यासाठी वेगळा तास ठेवता येतो. पहिल्या खर्ड्यावर शिक्षकाने मजकुराबद्दल एखादा खरा प्रश्न लिहावा: ‘मग खेकडा कुठे गेला?’ त्याचे उत्तर म्हणजे दुसरा खर्डा. शुद्धलेखन त्यानंतर, गोष्ट इतरांनी वाचायची आहे म्हणून.

वाचक हवेत, हे अखेरचे अंग बहुतेक वेळा राहून जाते. फक्त तपासले जाणारे लिखाण मूल लवकर विसरते. मराठी शाळांत हस्तलिखितांची आणि भित्तिपत्रकांची जुनी परंपरा आहे. ‘बालभारती’ १९७१ पासून मुलांसाठी ‘किशोर’ मासिक काढते. वर्षभरातल्या गोष्टी शिवून त्यांची वही वाचनाच्या कोपऱ्यात ठेवली, तर पुढच्या वर्षीच्या दुसरीला आपल्याच गावातल्या मुलांनी लिहिलेले पुस्तक वाचायला मिळते. इंजिनाची चिठ्ठी वाचून कुणाला तिचे उत्तर लिहावेसे वाटले, तर त्या मुलासाठी शिक्षकाला नवा विषय शोधावा लागत नाही.