गरज संपल्यावर सुरू झालेला खेळ

१९९८ साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम-फाइव्हला ४.९ लिटरचं व्ही-एट इंजिन होतं, ४०० अश्वशक्ती होती, मागे पोरंबाळं आणि डिकीत त्यांचं सामान सहज मावत होतं. गिअर मात्र सहा आणि हाताने टाकायचे; ऑटोमॅटिक हवी असेल त्याने दुसरी गाडी बघावी, असा कंपनीचा खाक्या होता. २०१७ साली त्याच नावाची नवी पिढी आली ती फक्त आठ गिअरांच्या ऑटोमॅटिक बॉक्ससह. मधल्या दोन पिढ्यांत अमेरिकी गिऱ्हाइकांनी हट्ट धरला म्हणून तिथे मॅन्युअल मिळत राहिली. पण हट्ट धरणारे उदंड आणि पैसे मोजणारे थोडे, हे लवकरच उघड झालं.

यंत्राच्या बाजूने पाहिलं तर या खटल्याचा निकाल कधीच लागला आहे. १९८९ साली जॉन बर्नार्डने फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीत स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलायची सोय केली आणि मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, नायजेल मॅन्सेल ती गाडी घेऊन जिंकला. २००३च्या सुमारास फोक्सवॅगनच्या गोल्फमध्ये दोन क्लचांचा बॉक्स आला. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. गाडी तिसऱ्यात पळत असतानाच चौथा तयार होऊन बसलेला. हातापायांनी त्याच्याशी काय स्पर्धा करायची? त्यात प्रदूषणाचे नियम. इंधन कमीत कमी जळेल असा गिअर संगणक क्षणोक्षणी निवडतो, माणूस आपल्या लहरीने. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्सच्या प्रत्येक जोडीची चाचणी वेगळी, प्रमाणपत्र वेगळं. मूठभर रसिकांसाठी तो खर्च सोसायला कंपनीला हौस नसते.

मग गेलं ते नेमकं काय? वेगात असताना वळण समोर येतं. उजवा पाय ब्रेकवर, डाव्याने क्लच दाबलेला, हात दांडा चौथ्यातून तिसऱ्यात ओढतो आणि त्याच दमात ब्रेक न सोडता उजव्या पायाची कड ॲक्सिलरेटरला टिचकी मारते. इंजिनाचे फेरे झर्रकन चढतात, तिसऱ्या गिअरला हवे तेवढेच, आणि क्लच सुटतो तो कुणाच्या ध्यानातही न येता. फेरे जुळले नाहीत तर गाडी हिसका देते आणि मागच्या सीटवरून बायको विचारते, काय झालं. हे सगळं एका सेकंदात, विचार न करता करायचं असतं. मोरिस मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ सालच्या ग्रंथात सराईत चालकाचंच उदाहरण घेतलं आहे: तो गल्लीची रुंदी आणि गाडीची रुंदी यांचं गणित मांडत बसत नाही, गाडी त्याच्या शरीरातच सामील झालेली असते. क्लच नेमका कुठे धरतो हे डाव्या पायाच्या तळव्याला जे कळतं, ते याच जातीचं ज्ञान.

मात्र याला नुसतं हरवलेलं कौशल्य म्हणून हळहळणं अपुरं वाटतं. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळ कशाला म्हणावं याचा छडा लावला. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खळग्यात टाकणं किती सोपं! तरी माणूस तो दुरून काठीने मारतो, कारण तो सोपा मार्ग आपण होऊन नाकारण्यातच खेळ आहे. ही कसोटी मॅन्युअलला लावली की चित्र उलटतं. दुसरा मार्ग नव्हता तोवर गिअर टाकणं हे निव्वळ काम होतं. अनावश्यक ठरल्यावर त्याचा खेळ झाला. सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर झालेली बीएमडब्ल्यू एम-थ्री पाहा. मॅन्युअल घ्याल तर ४८० अश्वशक्ती आणि शंभराचा वेग ४.२ सेकंदांत, ऑटोमॅटिक ‘कॉम्पिटिशन’ला ५१० आणि ३.९. म्हणजे पैसे मोजून, समजून-उमजून कमी वेगाची गाडी घ्यायची. अशा गाड्यांच्या ‘स्पोर्ट सेडान’ या नावातला ‘स्पोर्ट’ इतका खरा पूर्वी कधी नव्हता.

पण या खेळाची मुळं खेळाबाहेर असतात, आणि धोका तिथे आहे. कसारा घाटात ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे क्लीनरला उस्तादाने बजावलं ते रसिकता म्हणून नव्हे. ब्रेक तापून निकामी होऊ नयेत म्हणून. हाफ-क्लचवर गाडी चढावर रोखून धरायला आपल्याकडे लाखो लोक शिकले ते पोटासाठी किंवा घरात तीच एक गाडी होती म्हणून. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने स्वस्तातली ऑटोमॅटिक आणली आणि शहरातल्या कोंडीत डाव्या पायाची सुटका झाली. त्याबद्दल नाक मुरडण्याचा हक्क मुंबईत रोज गाडी चालवणाऱ्या कुणालाच नाही. जर्मनीत एप्रिल २०२१पासून मॅन्युअलवर पाऊण-पाऊण तासाचे किमान दहा पाठ गिरवले की पुढची परीक्षा ऑटोमॅटिकवर देता येते आणि परवाना दोन्हींचा मिळतो. एम-फाइव्हच्या मायदेशातच क्लच हा दहा पाठांचा अभ्यासक्रम झाला. गल्लीत टेनिस बॉलने खेळणारी पोरं उरली नाहीत तर रणजीचा संघ कुठून उभा राहणार?

विजेच्या बहुतेक गाड्यांना तर गिअर बदलावे लागतच नाहीत. म्हणून ह्युंदाईने आयोनिक फाइव्ह एनमध्ये आठ गिअरांचं सोंग उभं केलं: पट्टी ओढली की कृत्रिम आवाज येतो, हलका धक्का बसतो. सोंग मजेदार आहे आणि बटण दाबून बंदही करता येतं. सूट्सच्या व्याख्येत ते कदाचित बसेलही. अडथळा अनावश्यकच आहे. तरी मला त्यात एक उणीव दिसते. मॅन्युअलमध्ये क्लच चुकला की गाडी सिग्नलवर भर गर्दीत बंद पडायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. ही फजिती शक्य होती म्हणूनच जमलेल्या गिअरला किंमत होती. अभियंत्यांना पुढेमागे मॅन्युअलची नक्कल करायची असेल, तर त्यांनी आवाजाआधी ती फजिती परत आणावी.