दानपेटीतून दप्तराकडे

आष्टी तालुक्यातल्या सावरगावची मच्छिंद्रनाथांची मायंबा आणि पाथर्डी तालुक्यातली कानिफनाथांची मढी ही दोन्ही ठाणी गर्भगिरीतली. जवळच्या कडा गावचा भाविक दोन्हीकडे माथा टेकतो. पण १९४८ पर्यंत मायंबा निजामाच्या मुलखात होती आणि मढी १९४७ पर्यंत इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. भक्तीला सरहद्द आडवी आली नाही, कागदांना मात्र आली. निजामी बाजूच्या सनदा आणि इनामांचे मुंतखब (निर्णयपत्रे) शोधायचे तर हैदराबाद गाठावे लागते, इंग्रजी बाजूच्या कागदांसाठी पुणे-मुंबईची पुराभिलेखागारे. हा खर्च करणार कोण? माझ्या मते देवस्थानाने करावा, आणि तो धर्मखर्च म्हणूनच करावा. वैदिक परंपरेने माणसावर ऋषिऋण मानले आणि ते अध्ययनाने फिटते असे सांगितले. ज्यांनी जमीन दिली, दिवाबत्ती चालवली, तंटे मिटवले, त्यांची कागदात अडकलेली साक्ष वाचणे हेही अध्ययनच आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितले आहे. या प्रवासाची आखणीही त्याच तीन कसोट्यांवर करावी. आधी पुजाऱ्यांच्या घरची बाडे, तहसील आणि बीडचे भूमी अभिलेख तपासून मगच हैदराबादचे तिकीट काढावे. नाहीतर घरात असलेल्या कागदासाठी परगावी पैसा जातो. फारसी किंवा मोडी वाचणारा माणूस सोबत हवा. परवानगीचा अर्ज आधी जावा आणि मुक्काम पुरेसा असावा, कारण सुरुवातीचे दिवस यादीतून नेमका रुमाल (कागदांचे गाठोडे) शोधण्यातच सरतात.

दुष्काळी मुलखात अन्नदान सोडून कागदांवर पैसा का, हा आक्षेप खरा आहे, आणि भुकेचा हक्क पहिला हे मान्यच केले पाहिजे. पण या खर्चाची तुलना पंगतीशी का करावी? मांडव, ध्वनिक्षेपक आणि फलकांशी करावी. शिवाय ज्या इनाम जमिनीवर पंगत चालायची, तिचा पुरावा त्याच दप्तरात असू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: कागदाने श्रद्धेला धक्का दिला तर? मढीच्या स्थानाला मुस्लिम भाविक शाह रमजान यांचे स्थान मानतात. अशा ठिकाणी प्रत्येक बाजू आपल्याला हवा तोच पुरावा शोधायला माणूस धाडेल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच गीतेतली परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याची अट इथे फार मोलाची वाटते: पैसा देणाऱ्याने निष्कर्ष विकत घेऊ नये. कागद खुले ठेवल्याने काय साधते ते पाहा: इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यांची प्रस्तावनेतली मते ठाम होती, पण मूळ कागदही छापलेले असल्याने पुढच्या अभ्यासकांना त्यांच्याशी वाद घालता आला. देवस्थानानेही अशी अट घालावी: सापडलेला प्रत्येक कागद, सोयीचा असो वा गैरसोयीचा, सर्वांना पाहायला खुला राहील. आणि काहीच सापडले नाही तर कोणकोणते रुमाल उलगडून पाहिले, त्याची नोंद पुढच्या माणसासाठी ठेवली जाईल.