आमिष

पावसाळा सरून आश्विन लागला की मुरुडपासून फार दूर नसलेल्या धनेगावच्या मांजरा जलाशयाचे पाणी निवळू लागते. अशा जलाशयांच्या काठी आजकाल हौशी तरुण गळाला रबराची मासोळी लावून मरळीची वाट पाहतात. मरळ शिकारी जातीची; लहान मासे आणि बेडूक हे तिचे भक्ष्य. शेपूट हालवीत जाणाऱ्या त्या खोट्या मासोळीवर ती झेपावते आणि गळाला लागते.

ही फसवणूक पाप ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. असत्याचा दोष शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाशी वागताना लागतो. पोटासाठी मासा धरण्यास आपल्या धर्माची मनाई नाही; प्रभूने स्वतः पेत्राला गळ टाकावयास सांगितल्याचे मत्तय लिहितो.

परंतु माणसे धरण्याचे पाचारण पेत्राला झाले ते जाळ्यापाशी. आणि त्या जाळ्यात आमिष नव्हते. मराठीत गळावरील भक्ष्य आणि माणसाला दाखविलेला लोभ या दोहोंना आमिष हा एकच शब्द आहे. आपल्या सेवाकार्यावर तोच आरोप वारंवार होतो. लोभ दाखवून कोणास श्रद्धेकडे ओढण्यास दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालीच सक्त मनाई केली आहे.

मग भुकेल्या शेजाऱ्यास भाकरी देऊ नये काय? अवश्य द्यावी, मात्र तिच्या आत गळ नसावा. तो चर्चची पायरी कधीच चढला नाही, तरी उद्याची भाकरी आजच्याएवढीच असावी.