नवख्याने नृत्यावर लिहावे काय?

नृत्यातले ज्याला फारसे कळत नाही, त्याने नृत्यावर अभिप्राय द्यावा काय? एका माजी विद्यार्थिनीच्या भरतनाट्यम् आरंगेत्रमवर स्थानिक साप्ताहिकासाठी लिहायचे काम माझ्याकडे आले, तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे. मुलीची साधना आठ वर्षांची आणि माझी बैठक दोन तासांची! यात न्याय कसा साधावा?

भरतमुनींनी याचा विचार केलेला आहे. नाट्यशास्त्राच्या २७व्या अध्यायात नर्तक, वैयाकरण, चित्रकार, धनुर्धर, गायक, वेश्या, राजा असे दहा प्रकारचे परीक्षक सांगितले आहेत. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते बोलावे. प्रेक्षकाचे सगळे गुण एकाच माणसात नसतात, हेही मुनींना मान्य आहे. पात्राच्या आनंदाने जो आनंदतो आणि शोकाने व्याकुळ होतो, तो त्यांच्या लेखी खरा प्रेक्षक.

म्हणजे नवख्याला दार बंद नाही. मात्र त्याने आपली पायरी ओळखावी. मी भाषेचा शिक्षक. पदातला शब्द हातात आणि डोळ्यांत उतरतो का, एकच ओळ पुन्हा पुन्हा येताना तिचा अर्थ फुलतो का, हे मी पाहू शकतो. जतिस्वरम् हे शुद्ध नृत्त. तिथे कथा शोधू नये, पाय आणि ताल पाहावेत, एवढे शिकायला फार दिवस लागत नाहीत.

खरी अडचण कौतुकाच्या शब्दांची आहे. ‘सात्त्विक’, ‘पवित्र’ हे शब्द लेखणीतून सहज उतरतात. पण हे नृत्य पूर्वी सदिर म्हणून देवदासींच्या घराण्यांनी जपले. १९३६ साली कलाक्षेत्र स्थापणाऱ्या रुक्मिणीदेवींनी त्यातला शृंगार सौम्य केला. त्याच परंपरेत जन्मलेल्या बालसरस्वतींना मात्र शृंगार हाच या कलेचा प्राण वाटे. ‘पवित्र’ म्हणताना आपण नकळत या वादात एक बाजू घेतो, आणि ज्या स्त्रियांनी ही कला सांभाळली त्यांना अपवित्र ठरवतो. सौंदत्तीच्या डोंगराजवळ राहणाऱ्या आपल्या भागाला ‘देवदासी’ हा शब्द पुस्तकी नाही. कर्नाटकात १९८२ साली देवदासी सोडण्यावर कायद्याने बंदी आली. ती प्रथा वाईटच. पण प्रथेचा निषेध करताना त्या स्त्रियांची कला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तंत्राचे अज्ञान क्षम्य आहे, ते हळूहळू दूर होते. उसना निवाडा आपला म्हणून देणे मात्र क्षम्य नाही. नवख्याने जे पाहिले ते नेमके लिहावे, मनाला काय झाले ते वेगळे सांगावे, आणि जे कळले नाही ते नाचणारीलाच जाऊन विचारावे.