पुण्याची वाटणी

माणूस गेल्यावर त्याचे गुण गावेत, दोष झाकावेत, अशी जगाची रीत आहे. रीत चांगलीच. पण सज्जनहो, दोष झाकता झाकता कधी कधी दुसऱ्या कोणाचे कष्टही झाकले जातात. तेव्हा ते स्मरण खरे म्हणावे काय? आमच्या आजीच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा विचार करू.

आजी लोणंदची. श्रीज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरास्नान करून लोणंदला मुक्कामाला येते, हे वारकऱ्यास सांगणे नको. त्या दिवसांत आमच्या घराला दार असे नसेच. कोणाच्या पायाला फोड आलेले, कोणी तापाने फणफणलेला, कोणी दिंडी चुकलेली म्हातारी. सगळ्यांना आजीकडे ऊन पाणी, तेल आणि पिठलं-भाकरी. पालखी हलली की आजी चांदोबाच्या लिंबापर्यंत जाई, उभे रिंगण डोळे भरून पाही आणि माघारी येई. घरी भांडी पडलेली असत, आजारी वारकरी निजलेले असत. आषाढीला ती कधीच पंढरपुरास पोचली नाही.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. बाया खडी फोडायला जात आणि त्यांची पोरे आजी सांभाळी. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी होती, तिची भाकरी थापताना तुटे. त्या तुटक्या भाकरीतही परक्या पोरांचा वाटा असे. कोणाचे बाळंतपण अडले, कोणा निराधार बाईची शेवटची आंघोळ घालायची असली, की हाक आजीलाच.

येथे कोणी शंका घेईल की, हिची वारी घडली नाही, मग हिला वारकरी कसे म्हणावे? याचे उत्तर सोपे आहे. पुंडलिकाने आईबापाची सेवा सोडली नाही आणि देवालाच विटेवर थांबवले. सेवेत गुंतलेल्यासाठी जो देव थांबतो, तो लोणंदच्या म्हातारीला गैरहजर मांडील, हे आम्हांस पटत नाही.

दुसरी शंका याहून अवघड आहे, आणि ती कोण्या पंडिताची नव्हे, आमच्या आईची आहे. आजी गेली त्याला चाळीस वर्षे होत आली. तेराव्याला लोक म्हणाले, म्हातारी संत होती हो. त्या रात्री आई चुलीपाशी हळूच म्हणाली, “नाव सासूबाईंचं झालं, चांगलंच झालं. पण भाकऱ्या कुणी थापल्या, ते कुणी इचारलं नाही.”

आई खोटे बोलली नाही. आजीने ‘या, बसा’ म्हणायचे आणि आईने धुरात बसायचे, असे वर्षानुवर्षे चालले. आईला कधी कोणी विचारले नाही की, बाई, तुझी पाठ दुखते का? आजीनेही विचारले नाही. ती उणीव होती, आणि आजीवर आमचे प्रेम आहे म्हणूनच ती येथे लिहितो.

मग आजीची सेवा वाया गेली काय? मुळीच नाही. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्याबरोबर मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे. माणसांना आसरा द्यावा, अन्न द्यावे, म्हणजे ते फिटते. आता पाहा, ऋण घराचे असते आणि फेडणारे हात अनेक असतात. आजीने दार उघडले नसते तर आईची भाकरी वारकऱ्यापर्यंत गेली नसती. आणि आईने भाकरी थापली नसती तर उघडे दार नुसतेच उघडे राहिले असते. दोघींपैकी एकीलाच आठवणे हे अर्धे स्मरण. आजीला मनापासून जे आवडले ते तिने केले. आईने सांगितले म्हणून केले. न विचारता लादलेले कष्ट दुसऱ्याच्या पुण्यात जमा धरणे, याला आम्ही धर्म म्हणणार नाही. धर्म करायचा तर आपल्या अंगाने करावा, आणि दुसऱ्याचे अंग लागणार असेल तर त्याला आधी पुसावे.

आजीला लहान करण्यासाठी हे लिहिले नाही. संत म्हणून तिला उंच बसवले तर आपण नमस्कार करून मोकळे होतो. माणूस म्हणून आठवले तर तिचे काम पुढे चालवावे लागते आणि तिचे राहिलेलेही पुरे करावे लागते.

वारकरी एकमेकांच्या पाया पडतो, लहानमोठा पाहत नाही. तेव्हा माउलीहो, यंदा वाटेवर ज्या घरी भाकरी खाल, तेथे ओसरीवरच्या यजमानाला हात जोडाच, पण दोन पावले आत जाऊन चुलीपाशी जी बसली आहे तिलाही विचारा, “माय, तू जेवलीस का?”