फुकटचा पाला

वाटणी झाली तेव्हा मुरगूडजवळच्या वेदगंगाकाठच्या रानाचे सारखे दोन तुकडे पडले. आबांनी आणि तात्यांनी एकाच दिवशी आडसाली लावण केली. बेणं एकाच फडातलं, पाण्याची मोटारही एकच.

तात्यांनी त्याच साली मुऱ्हा म्हैस आणली. ऊस कमरेच्या वर गेला तसे ते रोज संध्याकाळी हिरवा पाला ओरबाडून भारा घरी नेऊ लागले. वजन कांडीचं होतं, पाल्याचे पैसे कोण देतंय, असं त्यांचं म्हणणं. आबांच्या घरचे फक्त वाळलेलं पाचट काढत आणि सरीतच टाकत.

तोड आली. आबांच्या ट्रॉल्या भरून गेल्या. तात्यांचा ऊस बारीक, पेरं आखूड. त्यांनी मातीला दोष दिला आणि खोडव्याला उधारीवर खताची पोती वाढवली. पाला काढणं चालूच. खोडवा आणखी हलका भरला.

कॉलेजात शिकणारी पुतणी शेवटी म्हणाली, "तात्या, ऊस माती खाऊन वाढत न्हाई."

तिनं सतराव्या शतकातल्या हेल्मोंटची गोष्ट सांगितली. त्यानं सुमारे ९० किलो कोरड्या मातीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाडाचं वजन सुमारे ७५ किलोंनी वाढलं, माती मात्र ६० ग्रॅमही घटली नाही. हेल्मोंटला वाटलं, सगळं पाण्यातून आलं. हवेचा वाटा नंतरच्या लोकांनी शोधला. पानं बारीक छिद्रांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, मुळांकडून पाणी येतं, हरितद्रव्य ऊन धरतं आणि पानातच साखर तयार होते. पान ही उसाची चूल. तिथं शिजलेलं खाली कांडीत साठतं. त्यात ऊस तर फार तरबेज. हवेतला कार्बन धरण्याची त्याची खास रीत १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उलगडून दाखवली.

"मग खत कशाला घालायचं?" तात्यांनी विचारलं.

"पान हिरवं ऱ्हायला. नत्राबिगर हरितद्रव्य बनत न्हाई. पण खताची साखर हुईत न्हाई. तुम्ही पान पोसायला पैसे घालताय आणि तेच पान उपटून म्हशीला घालताय."

मुरगूडकडचा पावसाळा ध्यानात घेतला की हे जास्तच पटतं. आभाळ दिवसचे दिवस भरलेलं, ऊन जेमतेम. अशा वेळी शेंड्याकडची आठ-दहा हिरवी पानं मिळेल तेवढा उजेड गोळा करत असतात, आणि नेमका तेव्हाच भारा बांधला जातो.

"म्हशीला काय घालू मग?" तात्या म्हणाले. प्रश्न खरा होता. त्या दुधावरच घर चालत होतं.

उत्तर आबांनी दिलं. "बांधावर हत्तीगवत लाव, बेणं माझ्या परड्यातनं ने. ते वाढंस्तवर मक्याची वैरण माझ्याकडची. आणि तोडीला दोन्ही फडांचं वाडं वाटून घेऊ. तवर पानाला हात लावायचा न्हाई."